क्रॉनिक पेन म्हणजे काय? बीडच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन, शिक्षण आणि करिअरची माहिती

आपल्या घरात एक तरी माणूस असा असतो ज्याची कंबर, गुडघा किंवा मान वर्षानुवर्षं दुखते. एक्स-रे काढला तर नॉर्मल. गोळी घेतली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी घरचेच म्हणतात, "कामाचं शरीर आहे, दुखणारच." बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर हे वाक्य रोजचं आहे.

पण सतत टिकणाऱ्या दुखण्याचं एक वेगळं शास्त्र आहे. त्यावर जगभर संशोधन चालतं, आपल्याकडे त्याचं शिक्षणही मिळतं. आजच्या लेखात आपण क्रॉनिक पेन म्हणजे काय, बीडसाठी तो एवढा महत्त्वाचा का, आणि बारावीनंतर या क्षेत्रात कसं जायचं ते पाहूया.

क्रॉनिक पेन म्हणजे नेमकं काय?

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी वेदना म्हणजे क्रॉनिक पेन. मराठीत याला 'दीर्घकालीन वेदना' किंवा 'जुनाट दुखणं' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, क्रॉनिक पेनला स्वतःचा कोड आहे. ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. म्हणजे दुखणं हे दुसऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं, तसा तो स्वतःच एक आजारही असू शकतो.

हे कसं होतं? मोबाईलचं उदाहरण घ्या. मेसेज आला की नोटिफिकेशन वाजतं, हे बरोबर. पण सेटिंग बिघडली आणि मेसेज नसतानाही फोन दिवसभर वाजत राहिला तर? मज्जासंस्थेचं असंच होऊ शकतं. जखम भरून येते, पण मणक्यातल्या आणि मेंदूतल्या नसा जास्त संवेदनशील होऊन बसतात. साधा स्पर्श, थोडं वाकणंसुद्धा दुखतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, नसांची ही 'सेटिंग' दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी माणूस खोटं बोलत नसतो.

या शास्त्राचे महत्त्वाचे टप्पे:

१९६५: रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मणक्यात एक फाटक असतं, ते कमी-जास्त उघडतं. लागलं की आपण ती जागा चोळतो आणि जरा बरं वाटतं, त्याचं एक कारण हेच.

१९७५: मेलझॅक यांनी मॅकगिल प्रश्नावली तयार केली. त्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द आहेत.

१९८३: क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवून दिलं की दुखापतीनंतर मणक्यातल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात.

१९९७: डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं मिरचीतल्या तिखट घटकाच्या मदतीनं नसांमधला उष्णता ओळखणारा रिसेप्टर शोधला. २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पाटापौटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

बीडमध्ये हा विषय एवढा गंभीर का?

दिवाळीच्या आसपास बीडमधून लाखो लोक पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. दिवसभर वाकून तोडणी, मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. कंबर दुखते म्हणून थांबायची सोय नसते.

याची किंमत काय झाली ते २०१९ मध्ये समोर आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती तपासली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहापैकी एकीचं. बऱ्याच जणी ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, पाळीचा त्रास होतो अशा तक्रारी घेऊन गेल्या होत्या. 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती अनेकींना घातली गेली. ऑपरेशननंतरही कंबरदुखी गेली नाही, असं सांगणाऱ्या बायकाही बऱ्याच निघाल्या. त्यानंतर खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम बीडमध्ये आला.

आता विचार करा. ओटीपोटात दुखण्याचं कारण जंतुसंसर्ग असू शकतो, लघवीच्या मार्गाचा त्रास असू शकतो, कंबरेच्या स्नायूंचा ताण असू शकतो किंवा नसांची संवेदनशीलता. यातलं प्रत्येक कारण वेगळं, उपचारही वेगळा. हा फरक ओळखणारा प्रशिक्षित माणूस वेळेवर भेटला असता तर यातली कितीतरी ऑपरेशनं टळली असती. बीडच्या मुला-मुलींनी हे शिक्षण घ्यावं ते यासाठी.

दुखणं मोजतात कसं?

वेदनेसाठी थर्मामीटर नाही. डॉक्टर ० ते १० मध्ये आकडा विचारतात: ० म्हणजे काहीच दुखत नाही, १० म्हणजे सहनच होत नाही. कंबरदुखीसाठी १९८० ची ओस्वेस्ट्री प्रश्नावली वापरतात. त्यात बसणं, उभं राहणं, वजन उचलणं, झोप अशा रोजच्या गोष्टींवर प्रश्न असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शब्द. आपल्या मराठीत यासाठी खजिनाच आहे:

मुंग्या येतात, आग होते, करंट बसल्यासारखं होतं: असं वर्णन बऱ्याचदा नसेच्या दुखण्याकडे बोट दाखवतं.

उसण भरली, अंग भरून आलं, अवघडलं: हे सहसा स्नायूंबद्दल असतं.

ठसठसतं, ठणकतं: सूज किंवा पू असेल तेव्हा लोक असं सांगतात.

कळ येते, पिळवटतं: पोटातल्या अवयवांचं दुखणं असं येऊन-जाऊन असतं.

निदान फक्त शब्दांवरून होत नाही, तपासणी लागतेच. पण आजी "कंबरेत शिणक भरली" म्हणते तेव्हा तिला नेमकं काय होतंय हे ज्याला कळतं, तो डॉक्टर योग्य प्रश्न पटकन विचारतो. गावाकडची बोली येणं हे या क्षेत्रात तुमचं खरं बलस्थान आहे.

बीडमध्ये शिकायची जागा कोणती?

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झालं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं.

वेदनेचा विषय इथे एका विभागात मावत नाही. शरीरक्रियाशास्त्रात नसा कशा काम करतात ते शिकवतात, औषधशास्त्रात गोळ्या, अस्थिरोगात हाडं-सांधे, भूलशास्त्रात वेदना थांबवण्याच्या पद्धती. आणि समुदाय वैद्यकशास्त्र विभागाचं काम थेट गावात असतं. ऊसतोड कामगारांच्या दुखण्यावर अभ्यास करायचा असेल तर याच विभागापासून सुरुवात करा.

या क्षेत्रात जायचे मार्ग

१. एमबीबीएस: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि नीट परीक्षा. त्यानंतर भूलशास्त्रात तीन वर्षांचं एमडी करून वेदना उपचारातली फेलोशिप करता येते. बहुतेक पेन स्पेशालिस्ट याच वाटेनं येतात.

२. फिजिओथेरपी: बीपीटीएच, इंटर्नशिपसह साडेचार ते पाच वर्षं. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. जुनाट दुखण्यात व्यायाम हा मुख्य उपचार असल्यामुळे खेड्यात फिजिओथेरपिस्टची मोठी गरज आहे.

३. नर्सिंग: बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं. रुग्णाच्या सगळ्यात जवळ नर्सच असते. दुखण्याची नोंद तीच ठेवते.

४. पॅलिएटिव्ह मेडिसिन: कॅन्सरसारख्या आजारांतल्या वेदनांचं शास्त्र. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात यातलं एमडी २०१२ पासून आहे.

५. डॉक्टर व्हायचं नसेल तर: मानसशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र, बायोमेडिकल इंजिनिअरिंग. झोप, चिंता, कर्ज यांचा दुखण्यावर परिणाम होतो, म्हणून वेदना संशोधनाच्या टीममध्ये हे सगळे लागतात. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा कॅम्पस १९८६ पासून आहे.

एमबीबीएस करतानाच संशोधन करायचं असेल तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप पाहा. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, सोबत कॉलेजमधले मार्गदर्शक आणि पूर्ण केल्यावर मानधन. विषय तुम्हीच सुचवता. 'हंगामाआधी आणि हंगामानंतर ऊसतोड महिलांची कंबरदुखी' हा विषय कसा वाटतो?

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सर्व्हे करण्याआधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि प्रत्येक व्यक्तीची मराठीतून घेतलेली संमती लागते. कुणाचा रिपोर्ट फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे संशोधन नव्हे.

मोबाईलवर फुकट काय मिळतं?

पबमेड: जगभरच्या वैद्यकीय संशोधनाचे सारांश इथे शोधता येतात.

सीटीआरआय: भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही. २००९ पासून ट्रायलची नोंद सक्तीची आहे.

स्वयम: केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, २०१७ पासून.

ई-संजीवनी: सरकारी टेलिमेडिसिन सेवा. घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं.

साधं नोट्स ॲप: घरातल्या माणसाची वेदना डायरी ठेवा. तारीख, ० ते १० आकडा, कुठे दुखतं, काय काम केलं, कोणती गोळी घेतली, झोप किती झाली. दोन आठवड्यांची अशी नोंद ओपीडीत दाखवली तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन मिळणारा कंबरेचा पट्टा घ्यावा का?
जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना दिल्या. पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय वेदनाशामकं नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं त्यात सांगितलंय. व्यायाम, माहिती आणि मानसिक आधार यांवर भर आहे.

दुखलं की मेडिकलमधून गोळी आणली तर चालेल?
कधीतरी ठीक. पण डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर परिणाम होऊ शकतो. उन्हात, कमी पाणी पिऊन काम करणाऱ्यांना हा धोका जास्त.

लगेच दवाखान्यात कधी जायचं?
पाय बधिर किंवा लुळा पडला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, दुखण्यासोबत ताप आला किंवा वजन घटायला लागलं, तर थांबू नका.

'तीन दिवसांत पेन स्पेशालिस्ट' असा कोर्स करावा का?
नाही. अशा सर्टिफिकेटवर रुग्णावर उपचार करता येत नाहीत. फी भरण्याआधी कोर्स आणि कॉलेज आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवर तपासा.

शेवटी

पुढच्या वेळी घरात कुणी "दुखतंय" म्हणालं की "होतंच असं" म्हणू नका. कुठे, कधीपासून, कसं, एवढं विचारा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. गर्भाशय काढायचा सल्ला कुणाला मिळाला असेल, तर आधी सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यायला सांगा. आणि तुमच्या ओळखीत कुणी बारावी सायन्सला असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.