मासा सोडणार आहात? मग फोटो पटकन काढा

‘कॅच अँड रिलीज’मध्ये सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. घात बऱ्याचदा फोटोसेशन करतं. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि मासा गुदमरतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या रेनबो ट्राउटवरच्या प्रयोगात, दमवून थेट पाण्यातच ठेवलेल्यांपैकी १२ टक्के मासे १२ तासांत मेले. दमवल्यावर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, तर मिनिटभर ठेवलेल्यांपैकी तब्बल ७२ टक्के!

म्हणून कॅमेरा तयार होईपर्यंत मासा जाळीत, पाण्यातच राहू द्या. हात ओले करा, कोरड्या हातांनी अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीपाशी. कल्ल्यात बोटं नकोत. पाण्यालगत क्षणभर उचला आणि पाणी निथळत असतानाच क्लिक करा; ओले खवले चमकतातही छान. फोटो हलला? जाऊ द्या, मासा पुन्हा उचलू नका.