गप्प बसलेली जोडणी

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला असलेल्या चिकलठाण्याला विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि हवामान खात्याची वेधशाळाही आहे. पावसाळ्यात शहराच्या पावसाचा जो आकडा वर्तमानपत्रात येतो तो बहुधा या वेधशाळेचा असतो. सकाळी साडेआठ वाजता मागील २४ तासांचा पाऊस मोजतात. पाऊस पडला नसेल तर निरीक्षक वहीत ०.० लिहितो. मोजणीच झाली नसेल तर रकाना मोकळा राहतो. या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि पिकाच्या नुकसानभरपाईची चर्चा तेथून सुरू होते.

आता बहुतेक मंडळांत हे काम यंत्रे करतात. 'महावेध' प्रकल्पातील पहिले स्वयंचलित हवामान केंद्र ३० एप्रिल २०१७ रोजी नागपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सुरू झाले. राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांसाठी अशी केंद्रे उभारण्याची ती योजना होती. दर दहा मिनिटांनी नोंद घ्यायची आणि मोबाइलच्या जाळ्यातून पाठवायची, अशी या जातीच्या केंद्रांची रीत. म्हणजे क्षणभर बोलायचे आणि दहा मिनिटे गप्प बसायचे. या गप्प बसण्यातच एक मोठी अडचण दडलेली आहे, आणि तिला इतिहास आहे.

ट्रंक कॉलचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ऑपरेटरचा आवाज आठवत असेल. तीन मिनिटे झाली की तो मध्येच बोलायचा. दोन गावांमधली एक वाट त्या वेळेपुरती आपल्यासाठी अडवलेली असे. आपण बोललो काय किंवा नुसते श्वास घेत राहिलो काय, वाट अडलेलीच. म्हणून तेथे मौन महाग होते.

इंटरनेटच्या रचनाकारांनी हा हिशोबच बदलला. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांचा १९७४ चा निबंध आणि त्यातून वाढून सप्टेंबर १९८१ मध्ये नेमक्या शब्दांत मांडला गेलेला टीसीपी हा संकेत, यांत जोडणी म्हणजे तार नव्हेच. 'मी अमुक क्रमांकापर्यंत पाठवले, तुझे तमुकपर्यंत मिळाले' एवढे दोन टोकांच्या संगणकांनी लक्षात ठेवायचे, की झाली जोडणी. दोघे गप्प राहिले तर वाटेत कोणाचेच काही अडत नाही. आज थांबवलेले बोलणे परवा पुढे चालू करावे, इतकी मोकळीक होती.

मग गप्प बसलेल्या जोडीदाराला अधूनमधून 'आहेस ना?' असे विचारावे की नाही? यावर जाणकारांचे एकमत नव्हते. ऑक्टोबर १९८९ च्या नियमावलीत तडजोड झाली: ही विचारपूस ऐच्छिक असावी, मुळात बंद असावी, आणि चालू केलीच तर तिचे मूळ ठरलेले अंतर दोन तासांपेक्षा कमी नसावे. वाटेतल्या क्षणिक बिघाडामुळे धडधाकट जोडणी मेली असे समजून तोडली जाईल, ही एक भीती होती. आम्हाला ती आजही रास्त वाटते.

पण वाट मोकळी राहिली नाही. त्या वेळच्या संकेतात पत्ता ३२ बिटांचा, म्हणून पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर मे १९९४ मध्ये एक युक्ती पुढे आली. तिला 'नॅट' म्हणतात. अनेक यंत्रांनी एकच पत्ता वापरायचा आणि दारावरच्या यंत्राने कोणाचे पत्र कोणाला द्यायचे याची वही ठेवायची. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. लाखो ग्राहकांच्या मोबाइल कंपन्यांना या युक्तीवाचून गत्यंतर नव्हते.

वर्गात हे सहज करून दाखवता येते. दोन विद्यार्थी चिठ्ठ्या पाठवतील, मधला विद्यार्थी पाटीवर त्यांची नोंद ठेवील. पाटीवर तीनच ओळी मावतात असे ठरवा आणि चौथी जोडी आणा. मधला काय करील? जी जोडी बराच वेळ गप्प आहे तिची ओळ पुसेल. आणि मुख्य गंमत ही, की तो तसे कोणालाही सांगणार नाही.

ही ओळ किती वेळ ठेवावी? २००८ च्या शिफारशीत आकडा आहे, निदान २ तास ४ मिनिटे. हा विचित्र आकडा कोठून आला, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. दोन तास विचारपुशीचे, आणि चार मिनिटे ती विचारपूस वाटेत असण्याची! प्रत्यक्षात मात्र मोबाइल कंपन्यांनी एवढा धीर धरला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत काही कंपन्या दहा मिनिटांच्या आत, तर थोड्या पाच मिनिटांच्याही आत गप्प जोडणी विसरतात असे आढळले. दर दहा मिनिटांनी बोलणाऱ्या यंत्राची पंचाईत यावरून कळेल.

ओळ पुसल्यावर यंत्राने पाठवलेली नोंद बऱ्याचदा मध्येच गडप होते. पोच येत नाही म्हणून टीसीपी पुन्हा पाठवते, मग वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा. लिनक्सच्या मूळ मांडणीत हार मानायला सुमारे १५ मिनिटे लागतात. पलीकडचा सर्व्हर तर नुसता ऐकत बसलेला. त्याच्या लेखी जोडणी जिवंतच आहे आणि पाऊस नाही!

मग दर दोन-चार मिनिटांनी विचारपूस करावी हे ओघाने आले. येथे रेडिओ आडवा येतो. थ्री-जीच्या जाळ्यात शेवटचा बिट गेल्यावरही यंत्राचा रेडिओ काही सेकंद पूर्ण जोरात जागा राही, मग अर्धवट पेंगे, आणि नंतर झोपे. चार अक्षरांच्या 'आहेस ना?'साठी एवढी जाग. सौर पट्टीवर आठ दिवस ढग असले तर बॅटरीचे काय होईल, हे मराठवाड्यातल्या श्रावणात राहणाऱ्यांना सांगायला नको. फोनच्या बाबतीत ॲपलने २००९ मध्ये आणि गूगलने २०१० मध्ये सर्व ॲपसाठी मिळून एकच जोडणी जागती ठेवण्याची सोय केली.

यंत्रांसाठीचा सर्वांत समंजस उपाय मात्र त्याहून जुना आहे. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या नळांवरील यंत्रांसाठी, महागड्या उपग्रहमार्गाचा विचार करून, एमक्यूटीटी हा संकेत रचला. यंत्र सुरुवातीलाच सांगते, 'मी जास्तीत जास्त इतके सेकंद गप्प राहीन.' त्याच्या दीडपट वेळात शब्द आला नाही तर सर्व्हर जोडणी संपली असे धरतो आणि यंत्राने आधीच देऊन ठेवलेला निरोप जाहीर करतो. या निरोपाला मृत्युपत्र असेच नाव आहे. अशा रीतीने मौनालाही अर्थ येतो.

पर्जन्यमापकाला याखेरीज आणखी दोन सवयी हव्यात असे आम्हाला वाटते. दर वेळी नवी जोडणी उघडावी, पोच घ्यावी आणि ती बंद करावी. दहा मिनिटांच्या अंतराला हे स्वस्तच पडते. आणि 'मागच्या वेळेपासून २ मिलिमीटर' असे न सांगता, साडेआठपासूनची एकूण बेरीज वेळेसह सांगावी. मग मधल्या चार नोंदी हरवल्या तरी पाचवीत सगळा पाऊस येतो. पोच न मिळालेल्या नोंदी यंत्राने स्वतःजवळ ठेवाव्यात, आणि त्या येईपर्यंत कार्यालयातील तक्त्यात तो रकाना मोकळा ठेवावा. तेथे ०.० लिहू नये.