कवाडं गेली, कमानी राहिल्या

नांदेडमध्ये काय किंवा लातूरमध्ये काय, नगरा-नगराच्या तोंडाशी आज एक कमान उभी दिसते. सिमेंटचे दोन खांब, वर आडवी किंवा अर्धगोल पट्टी, पट्टीवर एखाद्या महापुरुषाचं, देवाचं, पिराचं नाहीतर वस्तीचं नाव, आणि रंग असा की वस्ती कोणाची ते लांबूनच कळावं: भगवा, निळा, हिरवा, पिवळा. या कमानींविषयी जाणत्यांचं मत बहुधा ठरलेलं असतं. वाड्यांचे सागवानी दरवाजे आणि किल्ल्यांच्या वेशी हे आपलं खरं वैभव, आणि या कमानी म्हणजे त्या वैभवाची बटबटीत अखेर. मला हे मत निम्मंच पटतं. दाराकडे नुसती कारागिरी म्हणून पाहिलं की त्याचं मुख्य काम नजरेआड होतं. दार कोणाला आत घेतं, कोणाला थोपवतं आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हातात असतो, असं विचारत गेलं की या दोन जिल्ह्यांतल्या प्रवेशद्वारांचा गेल्या शतकभराचा इतिहास निराळा दिसू लागतो. बंद होणारी कवाडं एकेक करून गेली, आणि ज्यांना वेशीच्या आत घरही बांधता येत नव्हतं त्यांनी आपल्या वस्तीच्या तोंडाशी स्वतःची कमान उभी केली. या दोन घटना वेगळ्या काढून मोजता येत नाहीत.

सुरुवात किल्ल्यांपासून करावी लागते, कारण दार कसं असावं याचा धडा या मुलखात किल्ल्यांनी घालून दिला. माहूर डोंगरावर आहे. कंधार, औसा, उदगीर हे भुईकोट. भुईकोटाला कड्याचा आधार नसतो, त्यामुळं त्याची सगळी भिस्त खंदक, तट आणि दार यांच्यावर. म्हणून दारापर्यंतची वाट सरळ ठेवायची नाही, ती बुरुजांच्या कवेतून वळवून आणायची, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक देता येत नाही. फळ्यांवर लोखंडी अणकुच्या, आत तटाच्या पोटात सरकणारा जाडजूड अडसर, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. औशाला आणि कंधारला दरवाजाचं नाव लोहबंदी आहे, त्यातच त्याचं काम सांगून झालं. तरीही 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरच्या मोहिमेत तह करायला लावला तेव्हा निकाल उघड्या रानात, फौजांच्या आणि तोफांच्या जोरावर लागला. किल्ल्याच्या दारानं मुलूख राखण्याचा काळ तेव्हाच सरत आला होता. दारानं घर राखण्याचा काळ मात्र पुढं दीडशे वर्षं टिकला, आणि त्याचं कारण राज्यकारभारात आहे.

मराठवाडा 1724 पासून 1948 पर्यंत बहुतांश निजामाच्या अमलाखाली होता. त्यातला मोठा काळ गावाची राखण गावावरच सोपवलेली होती. अरब आणि रोहिले शिपाई नोकरीबरोबर सावकारीही करत आणि वसुलीसाठी हत्यार उगारत. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1853 नंतर कारभार हाती घेऊन जिल्हे आखले, पोलीस नेमले, तरी दूरच्या गावातल्या पाटील-देशमुखाचा भरवसा आपल्या गढीवरच राहिला. पांढऱ्या मातीच्या उंच, खाली रुंद आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती, आणि त्यांत एकच दार. गावातले वाडेही त्याच घडणीचे. रस्त्याकडं पाठ केलेली दगड-मातीची जाड भिंत, खिडकी नाहीच किंवा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर झरोका. एवढ्या लांब मुक्या भिंतीत बोलायला एकच जागा उरते. म्हणून सुताराची सगळी छिन्नी चौकटीवर चालली. कमळं, वेलबुट्टी, पितळी फुल्या, गणेशपट्टी, मोठ्या कवाडातली वाकून आत जायची दिंडी, आणि दार ओलांडलं की ढाळज. ढाळजेत बसलेल्या माणसाला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला आतलं घर दिसत नाही. पाहुणा, देणेकरी, सालगडी, फिरस्ता यांतल्या कोणाची पायरी कुठं संपते ते इथं ठरायचं.

कोणी म्हणेल की दार नुसत्या भीतीपोटी असतं तर त्यावर एवढी नक्षी कशाला? आक्षेप योग्य आहे. चौकट सजवण्याची रीत या भागात वाड्यांच्या फार आधीची. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची आणि निलंग्याच्या नीलकंठेश्वराची मंदिरं पाहिली की गर्भगृहाच्या दाराभोवती एकात एक बसवलेल्या द्वारशाखा दिसतात. अशा चौकटींच्या माथ्यावर मधोमध ललाटबिंब असतं, आणि वाड्याची गणेशपट्टी त्याचीच लाकडातली वंशज म्हणायला हरकत नाही. पण देवळाच्या चौकटीचं कामही सीमा आखण्याचंच होतं. गाभाऱ्यात कोण जाईल आणि कोण सभामंडपातच थांबेल, हे तिथंच ठरत होतं. नक्षी आणि अडवणूक यांत विरोध नव्हता. ज्या रेषेवर माणसं निवडली जातात तीच रेषा सगळ्यात देखणी करायची, म्हणजे अडवलेल्यालाही ती थोर वाटावी. वाड्यांच्या दारांवर आपण आज जीव टाकतो तो या गुणावरच, आणि म्हणूनच तिथं जरा सावध राहायला हवं.

कारण गावाच्या वेशीची खरी कहाणी तिच्या राखणदाराची आहे. वेशीवर पहारा द्यायचं काम वेसकराचं, आणि वेसकर महार. रात्री वेस लावायची, परका आला तर वर्दी द्यायची, सरकारी माणसापुढं धावायचं, आणि मोबदल्यात बलुतं घ्यायचं. सगळं गाव ज्याच्या जागेपणावर निर्धास्त झोपायचं, त्याचं घर मात्र वेशीच्या बाहेर. वेस संपूर्ण गावाची होती, असं आपण जेव्हा आठवणींच्या ओघात म्हणतो तेव्हा ही गोष्ट गाळतो. पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि मानाची बैलजोडी आधी जाते. तो सण सुंदर आहे, पण कोणाची जोडी आधी आणि कोणाची शेवटी हा क्रम गावाच्या उतरंडीचाच असे, आणि त्या मानावरून झालेले तंटे आजही ऐकू येतात. शेणानं सारवलेला उंबरा, हळदीकुंकवाची बोटं, दसऱ्याला झेंडूचं तोरण, चुन्यात नीळ घालून रंगवलेली चौकटीभोवतालची पट्टी, हे घराघरात होतं, गरिबाच्या झोपडीतही होतं. रंग सगळ्यांकडे होता. गावानं मान द्यावा असं दार मात्र मोजक्यांकडेच होतं.

मग कवाडं गेली कशी? पहिला धक्का बाजारानं दिला. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-मनमाड रेल्वे नांदेडवरून गेली, आणि 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. मालगाड्या, अडते, हमाल, बैलगाड्यांच्या रांगा यांना रात्री बंद होणारी वेस परवडत नाही. लातूरच्या गंजगोलाईत हा बदल दगडात बांधलेला दिसतो. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या चौकाची मधली दुमजली गोल इमारत 1917 ची. मधोमध जगदंबेचं देऊळ, आणि भोवती येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफा, चपला, मिरची, गूळ, ज्याचा त्याचा रस्ता वेगळा. किल्ल्याचा शिल्पी एकच वाट ठेवून तीही वाकडी करतो; इथं सोळा वाटा ठेवल्या आणि सगळ्या सरळ. गिऱ्हाईक कोणत्याही दिशेनं आलं तरी ते मध्यात पोचावं, हा हिशोब. माझ्या मते जुन्या औशाच्या दाराला दिलेलं हे सगळ्यात स्पष्ट उत्तर आहे, आणि दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून जवळ आहेत. नंतर 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, रझाकारांची दहशत गेली, आणि गढीच्या अडसराला उरलंसुरलं कारणही राहिलं नाही.

घराच्या दाराला दुसरा धक्का अक्षरशः जमिनीखालून आला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकती झोपलेली असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. मेली ती बरीचशी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती हादऱ्यानं फुटल्या. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंत तेवढी कोसळली. जी जाडी चोरापासून राखत होती तीच जिवावर उठली. पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली, सरळ रस्त्यांच्या चौकटीत, पातळ भिंतींची. पातळ भिंतीत ढाळज मावत नाही. दार उघडलं की थेट खोली, आणि रस्त्यावरून चूल दिसते. बायकांना दिवसभर बसायला-उठायला आडोसा राहिला नाही, ही तक्रार खरी होती आणि ती वास्तुरचनेची तक्रार होती. पुढं लोकांनी अंगणाला भिंती घातल्या, आणि कित्येकांनी ढिगाऱ्यातून काढलेली जुनी चौकट त्या भिंतीत बसवली. अनेक चौकटी मात्र जुनं लाकूड घेणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेल्या. जाणत्यांचं मत मला निम्मं पटतं ते यामुळं: ढाळज ही उतरंडीची जागा होती तशी घरातल्या बाईच्या खाजगीपणाचीही होती, आणि नवी गावं आखताना ते कोणी विचारलं नाही.

आता कमानींकडे. नांदेडला कमानींचं शहर म्हणावं अशी स्थिती आहे आणि त्यामागे सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा मोठा वाटा आहे. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये इथंच निवर्तले. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, 1832 ते 1837 दरम्यान, आजची वास्तू उभी राहिली. 2008 च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीसाठी केंद्राच्या नागरी नवनिर्माण योजनेतून पैसा आला, गुरुद्वारा परिसर मोकळा केला गेला, रस्ते रुंद झाले. रुंदीकरणात घरांचे पुढचे भाग जातात, म्हणजे नेमकं दारच जातं. शहरानं यात्रेकरूसाठी स्वतःचं दर्शनी अंग बदललं. ज्याला आपली ओळख दर्शनी ठेवायची आहे त्याला मग घराच्या दाराऐवजी रस्त्याचं तोंड उरतं. इतवाऱ्यात, देगलूर नाक्यावर, नव्या नगरांत कमानी उभ्या राहण्याचं हे एक साधं, भौतिक कारण आहे.

दुसरं कारण अधिक खोल. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर नांदेड, परभणीच्या खेड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. एका नावासाठी, दारावरच्या नावासाठी, हा लढा सोळा वर्षं चालला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी लोक औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या कमानीपाशी जमतात, तिला वंदन करतात. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ झालं. या लढ्यानंतर भीमनगराच्या तोंडाशी निळी कमान किंवा सांचीच्या तोरणाची सिमेंटी प्रतिकृती उभी राहते, तेव्हा तिच्या प्रमाणबद्धतेवर बोलण्याआधी तिची जागा पाहावी. जी वस्ती वेशीबाहेर होती, तिनं आपल्या सीमेवर आपलं दार उभं केलं. ते दार कोणाला अडवत नाही, त्याला कवाड नाहीच.

इथं एक कठीण आक्षेप येतो. कवाड नसलं तरी नाव आणि रंग अडवतात की नाही? हिरव्या कमानीखालून जाताना एखादा बिचकतो, भगव्या कमानीखाली दुसरा. भाड्यानं घर शोधणाऱ्याला कमानीवरूनच उत्तर मिळतं. हे नाकारता येत नाही. काही कमानी हद्द सांगण्यासाठीच बांधल्या जातात. तरी मला फरक मोठा वाटतो. बंद वेशीचा हुकूम एकाच्या हातात असतो आणि त्यावर दाद मागता येत नाही. कमानी अनेक आहेत, एकमेकींसमोर आहेत, आणि त्यांतली एक सार्वजनिक रस्ता अडवू लागली तर तक्रार करायला नगरपालिका आहे. कमानींची स्पर्धा त्रासदायक असली तरी ती बरोबरीच्या लोकांतली स्पर्धा आहे, आणि बरोबरीचा हा दावाच इथं नवा आहे.

बटबटीतपणाचं म्हणाल तर बराचसा दोष घाईचा. मोजमाप नीट न घेता, वाहतुकीचा विचार न करता, निवडणुकीच्या आधी उरकलेलं काम तसंच दिसणार. चांगल्या कारागिराला वेळ आणि पैसा दिला तर सिमेंटमध्येही ऐट आणता येते. दोन्ही शहरांच्या महापालिकांनी वारशाच्या याद्या करताना गढ्यांच्या आणि वाड्यांच्या उरलेल्या चौकटी नोंदवाव्यात, व्यापाऱ्याच्या टेंपोत चढण्याआधी. आणि त्याच यादीत वस्त्यांच्या कमानीही घ्याव्यात. त्यांची नोंद करणं सोपं जाईल. नक्षीदार चौकटीवर सुताराचं नाव सहसा सापडत नाही. कमानीच्या खांबावर मात्र ती कोणत्या तरुण मंडळानं, कोणाच्या देणगीतून, कोणत्या साली उभारली, ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.