उरल्यासुरल्या वाक्यांचं माप

नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत मानाचं पान ॲरन बेक यांच्या १९६१ सालच्या प्रश्नावलीला. तिच्या २१ कलमांत उदासी आणि अपराधी भावनेच्या जोडीला झोप, भूक, वजन, थकवाही होता. गोची इथेच होती. झोप चिंतेनंही उडते. त्यामुळे नुसत्या चिंतेनं पोखरलेल्या माणसाचेही नैराश्याचे गुण चढायचे.

लीड्सच्या झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली इस्पितळातल्या रुग्णांसाठी १४ प्रश्नांचं पत्रक केलं, तेव्हा शारीरिक लक्षणं जवळजवळ वगळूनच टाकली. आजारानं आधीच खाटेला खिळलेल्याला ‘थकवा येतो का?’ विचारून काय हाती लागणार? नैराश्याच्या प्रश्नांचा रोख त्यांनी मुख्यतः एकाच गोष्टीवर ठेवला: आवडीच्या गोष्टींत अजून गोडी वाटते का.

सिडनीतले एस. एच. आणि पी. एफ. लव्हिबाँड यांनी त्याहून चिवट वाट धरली. त्यांनाही मापं दोनच करायची होती, नैराश्याचं आणि चिंतेचं. जे वाक्य एका मापाशी घट्ट जुळेल आणि दुसऱ्यापासून शक्य तितकं लांब राहील, तेच ठेवायचं. नैराश्याकडून झोप आणि भूक गळली. ‘पुढे वाट पाहावी असं काही नाही’ ही भावना टिकली. चिंतेकडे राहिली तोंडाची कोरड, हातांची थरथर. अधेमधे लोंबकळणारी वाक्यं बाजूला निघाली: पटकन चिडणं, स्वस्थ बसता न येणं, लिफ्टसाठी किंवा सिग्नलला थांबावं लागलं की तगमग होणं. गंमत म्हणजे या उरल्यासुरल्यांचं आपसात चांगलंच जमत होतं. त्यांचंच तिसरं माप झालं, ‘ताण’. ठरवून मांडलेल्या कितीतरी सिद्धांतांपेक्षा मला हे अनाहूत माप जास्त विश्वासाचं वाटतं.

१९९५ साली ही ‘डास’ प्रश्नावली प्रसिद्ध झाली. वाक्यं ४२, प्रत्येक मापाला १४. गेल्या आठवड्यात आपल्याला कितपत लागू पडलं, ते पाहून ० ते ३ गुण. एवढं निवडून-पाखडूनही चिंता आणि नैराश्याचे आकडे बऱ्याचदा जोडीनंच वाढतात. त्याची उपपत्ती ली ॲना क्लार्क आणि डेव्हिड वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच मांडली होती: जिवाची घालमेल दोन्हींत सामाईक, शरीराची धडधड खास चिंतेची, आनंदाचा दुष्काळ खास नैराश्याचा. सामाईक वाटा कितीही पाखडला तरी निघत नाही. त्यामुळे ‘डास’चे आकडे किती त्रास आणि कोणत्या बाजूचा, एवढंच सांगतात, निदान डॉक्टरांकडेच राहतं.