हा क्रमांक नेमका कशाचा? जोडीदार-व्हिसाची फाइल वाचताना

बेसा, मनीषनगर, वर्धा रोड हा नागपूरचा दक्षिणेकडचा पट्टा. इथे स्थलांतरावर मुलाखती घ्यायला निघालात, तर मुलगी किंवा सून अमेरिकेत असलेलं घर शोधायला फार जिने चढावे लागत नाहीत. चहा होतो, आणि मग कपाटातून एक प्लास्टिकची फाइल बाहेर येते. विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्टच्या झेरॉक्स, अर्जांच्या पावत्या. प्रत्येक कागदावर एक क्रमांक.

संशोधनाला नव्याने लागलेला विद्यार्थी इथे काय करतो? तर एक्सेल उघडतो, ‘ओळख क्रमांक’ असा एकच रकाना करतो आणि दिसेल तो आकडा त्यात भरतो. मग एकच बाई तीनदा मोजली जाते, आणि दुसरी एखादी मोजलीच जात नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट बघू. क्रमांक दिसला की आधी विचारायचं: हा माणसाचा आहे, कागदाचा आहे, की अर्जाचा? आणि जिथे क्रमांक नाही, तिथे तो का नाही?

क्रमांक नव्हते तेव्हा

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कोलकात्याहून अमेरिकेला गेल्या. तेव्हा आजच्यासारखा पासपोर्ट-व्हिसा सक्तीचा नव्हता. पुढे पती गोपाळराव त्यांच्यामागे गेले आणि ११ मार्च १८८६ च्या पदवीदानाला हजर राहिले. आजच्या भाषेत बोलायचं तर इथे पतीच ‘मागून आलेला जोडीदार’. पण ते कोणाचे कोण, हे सिद्ध करणारी फाइल कुठेही उघडावी लागली नाही.

मग माग काढायचा कशावरून? नावावरून. आणि इथेच मराठी घरातली गोम आहे. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. लग्नात आडनावच नाही, तर पहिलं नावही बदलायची आपल्याकडची पद्धत. शिवाय इंग्रजीत त्या ‘जोशी’च्या शेवटी आय नाही, तर दोन ई लिहीत. अमेरिकी संग्रहांत आजच्या स्पेलिंगने शोधलंत, तर त्या कदाचित सापडणारच नाहीत. हे नुसतं जुन्या काळाचं म्हणून सोडून देऊ नका. जन्मदाखल्यावर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर तेच, आणि लग्नानंतरच्या कागदांवर तिन्ही शब्द वेगळे, अशा फाइली तुम्हाला आजही मिळतील.

लग्नालाच कागद लागला तेव्हा

पत्नी म्हणून सीमा ओलांडायची, तर लग्न कागदावर हवं, ही अट किती महागात पडू शकते हे १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दिसलं. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्या. सर्ल यांनी निकाल दिला. ख्रिस्ती पद्धतीने न झालेला आणि रीतसर नोंदणी नसलेला विवाह तिथला कायदा मानणार नाही, असा त्याचा अर्थ निघाला. म्हणजे हजारो हिंदू, मुस्लिम, पारशी स्त्रिया एका फटक्यात कायद्याने ‘पत्नी’ उरल्या नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले आदल्याच वर्षी तिथला दौरा करून आले होते. निकालानंतर स्त्रियाही सत्याग्रहात उतरल्या आणि परवान्याशिवाय प्रांताची सीमा ओलांडल्याबद्दल कस्तुरबा तुरुंगात गेल्या.

१९१४ च्या ‘इंडियन रिलीफ अॅक्ट’ने एका पत्नीपुरता असा विवाह मान्य केला. त्याच कायद्याने नाताळ प्रांतातला अंगठ्याचा ठसा असलेला अधिवासाचा दाखला निर्णायक पुरावा ठरवला. नावावर भरवसा नाही, अंगठ्यावर आहे! माणूस ओळखण्याचं काम नावाकडून दुसऱ्या खुणेकडे सरकलं, ते असं.

माणसाला क्रमांक चिकटला तेव्हा

अमेरिकेत १९४० च्या ‘एलियन रजिस्ट्रेशन अॅक्ट’ने चौदा वर्षांवरच्या प्रत्येक परकीय नागरिकाला नोंदणी आणि बोटांचे ठसे सक्तीचे केले. ही नोंदणी झाली पोस्ट ऑफिसांत. तेव्हापासून ‘ए-नंबर’ सुरू झाला. १ एप्रिल १९४४ पासून त्या क्रमांकाखाली त्या माणसाचे सगळे कागद एका फाइलीत जमा होऊ लागले. हीच ‘ए-फाइल’. जन्माला शंभर वर्षं होऊन गेलेल्यांच्या अशा फाइली आता तिथल्या नॅशनल अर्काइव्हजकडे जाऊ शकतात. म्हणजे आज बेशातून ग्रीन कार्डवर गेलेल्या सुनेची फाइल हा उद्याच्या इतिहासकाराचा दस्तऐवज आहे.

आता घरातली ती प्लास्टिकची फाइल पुन्हा बघा. क्रमांक सुटे करू.

ए-नंबर माणसाचा. पत्ता, नाव, व्हिसा बदलला तरी तोच राहायला हवा.

पासपोर्ट क्रमांक कागदाचा. नवीन पुस्तिका निघाली की क्रमांक नवा. पण शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. त्या साखळीने मागे मागे जाता येतं. पती किंवा पत्नीचं नावही त्याच पानावर.

पावती क्रमांक अर्जाचा. तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा अंक. जुन्या कागदी पावत्यांत अक्षरं म्हणजे कार्यालय आणि पहिले दोन अंक म्हणजे अमेरिकेचं आर्थिक वर्ष, जे ऑक्टोबरात सुरू होतं. तिथले ‘१५’ म्हणजे ऑक्टोबर २०१४ ते सप्टेंबर २०१५. हे माहीत नसेल तर कालक्रम चुकलाच म्हणून समजा.

आय-९४ चा क्रमांक प्रवेशाचा. सुट्टीत नागपूरला येऊन विमानाने परत गेली, की सहसा नवा.

आणि आपला दाखला?

महाराष्ट्रात विवाह नोंदणी प्रामुख्याने १९९८ च्या कायद्याखाली होते. त्याच्या नमुना ‘इ’ मधल्या प्रमाणपत्रावर नोंदवहीचा खंड आणि त्यातला अनुक्रमांक असतो. म्हणजे हा क्रमांक नवऱ्याचा नाही, बायकोचाही नाही. तो एका वहीतल्या ओळीचा पत्ता आहे. ती वही ज्या कार्यालयात, तिथेच त्याला अर्थ. बेसा पूर्वी ग्रामपंचायत होती, आता बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. एकाच वस्तीतल्या दोन जोडप्यांच्या दाखल्यांवर दोन वेगळ्या कार्यालयांचे शिक्के असू शकतात, आणि दोन्ही खरे. शिक्का वेगळा म्हणून कागद संशयास्पद ठरवू नका. आधी त्या गावाचा प्रशासकीय इतिहास बघा.

जो क्रमांक नाही तो

खरी कसोटी इथे आहे. एच-१बी वर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, आणि सोशल सिक्युरिटी नंबर साधारणपणे नोकरीच्या परवानगीशी जोडलेला आहे. त्यामुळे इंजिनिअर, डॉक्टर, एमएस्सी झालेल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं त्या क्रमांकाविना राहिल्या. कर विवरणापुरता १९९६ पासून आयटीआयएन नावाचा वेगळा क्रमांक होता. पण त्याने नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५ पासून काही अटींवर, म्हणजे मुख्यतः पतीचा किंवा पत्नीचा ग्रीन कार्डचा पहिला अर्ज मंजूर असेल तर, एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला.

समजा तुम्ही सोशल सिक्युरिटीवर आधारित आकडेवारी घेतली. त्यात या बायका २०१५ च्या आधी दिसतच नाहीत आणि मग एकदम उगवतात. निष्कर्ष काय काढाल? ‘स्थलांतरित मराठी स्त्रिया नोकरीबाबत उदासीन होत्या आणि नंतर जागृत झाल्या’? असं वाक्य प्रबंधात गेलं, तर एका कायद्याचा दोष तुम्ही हजारो बायकांच्या स्वभावावर ढकललात. त्या उदासीन नव्हत्या. त्यांना मनाई होती. नोंद नसणं हाही पुरावाच असतो, फक्त तो त्या बाईबद्दल नसून कार्यालयाबद्दल असतो.

म्हणून क्रमांकांच्या प्रत्येक रकान्याशेजारी चार रकाने वाढवा: कोणी दिला, कशाला दिला, कधीपासून देतात, आणि कोणाला देत नाहीत. चौथा भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तिथे कायदा वाचावा लागतो आणि त्या बाईशी बोलावंही लागतं. आणि बोलायला बसाल तेव्हा आधी लेखी संमती घ्या, फाइलचे फोटो मोबाइलवर काढू नका, क्रमांकाचे शेवटचे अंक सोडून बाकीचे खोडून मगच टिपून घ्या. ती माणसं हयात आहेत, आणि त्यांचे अर्ज कदाचित अजून चालू आहेत.