चंद्रपूरची वीज आणि एक बारीकशी भेग

मंडळी, ऊर्जानगरच्या चिमण्या आपण रोज बघतो. चंद्रपूरची वीज सुमारे ७५० किलोमीटरच्या डीसी लाईनवरून मुंबईजवळच्या पडघ्याला जाते. ती लाईन १९९९ची. वाटेत तारेतच जी वीज उष्णता होऊन संपते, तिच्यासाठीचा कोळसा इथे फुकट जळतो आणि धूर आपल्या वाट्याला येतो. म्हणून अतिसंवाहकाचा इतिहास हा आपलाही विषय आहे, बरं का.

१९११ साली कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात शून्य रोध सापडला, पण उणे २६९ अंशांना! १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांची वाट दिसली. १९८७ मध्ये इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड आलं, आणि त्याला द्रवरूप नायट्रोजनची थंडी पुरली.

पण हा पदार्थ कपबशीसारखा ठिसूळ. त्याची तार ओढता येत नाही, म्हणून पट्टीवर पातळ थर द्यायचा. स्वस्त मार्ग रासायनिक: क्षारांचं द्रावण लावा, वाळवा, भट्टीत भाजा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने विजेच्या साहाय्याने धातूंचा थर बसवून असे अतिसंवाहक केले.

घोडं अडलं ते पृष्ठभागावर. धानाच्या बांधीतला चिखल कडक उन्हात पटकन वाळला की तडकतो ना? तसंच इथे. द्रावणातला सेंद्रिय भाग घाईने जळाला की थराला भेगा आणि छिद्रं पडतात. शिवाय कार्बन राहिला तर कणांच्या सीमेवर बेरियम कार्बोनेट साचतं. १९८८ मध्ये आयबीएममध्ये अरुणव गुप्ता आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिनयुक्त क्षार वापरून हे कार्बोनेट टाळलं. त्याच वर्षी तिथेच दिमॉस, चौधरी आणि मानहार्ट यांनी दाखवलं, की शेजारचे दोन कण एकमेकांशी दहाएक अंशांहून जास्त तिरके बसले तर प्रवाह झपाट्याने घटतो.

म्हणजे किलोमीटरभर पट्टी उत्तम असली, तरी तिची क्षमता ठरते सर्वांत वाईट जागेवर. गंमत अशी, की थराच्या आत मुद्दाम पेरलेले अतिसूक्ष्म दोष चुंबकीय भोवरे जागच्या जागी धरून ठेवतात आणि प्रवाह वाढवतात. दोष कुठे आहे आणि केवढा आहे, यावर सगळं अवलंबून.

म्हणून गोंडवाना विद्यापीठातल्या मुलांना एवढंच सांगतो: सूक्ष्मदर्शकाखाली थर बिघडलेला दिसला तर फेकू नका. भट्टी किती वेगाने तापवली होती, ते आधी वहीत लिहा. या विषयाचा इतिहास अशाच बिघडलेल्या थरांनी पुढे नेला आहे.