सहकार आणि असहकार : रायपूरचे वामनराव लाखे

रायपूरचे नागरी महत्त्व तसे अर्वाचीनच. भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगढचा कारभार रतनपूरहून चाले. बिंबाजी भोसल्यांचे वास्तव्यही तेथेच होते. १८१८ मध्ये नागपूर राज्याची व्यवस्था ब्रिटिश रेसिडेंटाच्या देखरेखीखाली गेली आणि कर्नल अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रायपूरला हलविले. १८६७ साली तेथे नगरपालिका स्थापन झाली आणि १८८०च्या दशकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वे येऊन पोहोचली. कारभाराच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे एव्हाना छत्तीसगढच्या मातीत रुजली होती.

रेल्वेने धानाला दूरची बाजारपेठ दिली. मात्र बाजारपेठ मिळाली म्हणून शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, असे झाले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगढची ग्रामीण व्यवस्था खिळखिळी केली. बी-बियाण्यासाठी, बैलासाठी, साऱ्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागे, आणि पीक खळ्यावर येण्याआधीच त्यावर दुसऱ्याचा हक्क बसे. शहराची भरभराट आणि खेड्याचे कर्ज या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. शहराच्या पुढाऱ्यांनी अग्रक्रम कशाला द्यावा, हा प्रश्न या परिस्थितीतून उभा राहिला.

त्याला कृतीने उत्तर देणाऱ्यांत वामन बळीराम लाखे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८७२ साली रायपुरात झाला. व्यवसायाने ते वकील. माधवराव सप्रे हे त्यांचे विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही. सप्रे यांनी रामराव चिंचोलकरांच्या साहाय्याने जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, तेव्हा प्रकाशनाची जबाबदारी लाख्यांनी उचलली. मासिक जेमतेम तीन वर्षे टिकले. पण आधुनिक हिंदी गद्याच्या इतिहासात त्याचे स्थान कायम झाले. घरी मराठी बोलणाऱ्या या तिघांनी लोकांच्या कामासाठी लोकांची भाषा स्वीकारली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मासिक चालवताना आलेली पैशाची चणचण लाखे विसरले नसावेत. १९०४च्या कायद्याने गावोगाव पतसंस्था काढण्यास वाट दिली होती. १९१२च्या कायद्याने त्यांना भांडवल पुरविणाऱ्या मध्यवर्ती बँकांना मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, लाख्यांच्या पुढाकाराने रायपूरची सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली. शहरातील ठेवी एकत्र करावयाच्या, त्या गावच्या संस्थांना द्यावयाच्या आणि संस्थेने एकमेकांच्या हमीवर सभासदाला कर्ज द्यावयाचे, अशी ही रचना होती. तारण जमिनीचे असो वा नसो, खरा आधार शेजाऱ्याच्या विश्वासाचा. या बँकेचे अवैतनिक मंत्रिपद लाख्यांनी सुमारे दोन तपे सांभाळले. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले.

१९१६ साली सरकारने त्यांना ‘रायसाहेब’ ही पदवी दिली. १९२०च्या असहकार आंदोलनात त्यांनी ती परत केली आणि १९२१ मध्ये रायपुरात निघालेल्या राष्ट्रीय विद्यालयाच्या कामात ते उतरले. बँक मात्र त्यांनी सोडली नाही. वरवर पाहता यात विसंगती दिसते. ज्या सरकारशी असहकार पुकारला, त्याच सरकारच्या कायद्याने नोंदलेली, त्याच्याच निबंधकाकडून तपासली जाणारी ही संस्था होती. पण लाख्यांच्या दृष्टीने पदवी सरकारची होती, म्हणून ती परत करता आली. ठेवी लोकांच्या होत्या, त्या सोडून देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सत्तेशी असहकार आणि समाजाशी सहकार यांचा मेळ त्यांनी आचरणातून घातला. १९३०च्या सविनय कायदेभंगात त्यांना कारावास घडला. १९४१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, वैयक्तिक सत्याग्रहात ते पुन्हा तुरुंगात गेले.

या कार्याला मर्यादाही होत्या. परतफेडीची ऐपत पाहूनच पतसंस्था कर्ज देणार. त्यामुळे ज्याला थोडीबहुत जमीन आहे त्याला तिचा आधार मिळे, भूमिहीन मजूर बहुधा बाहेरच राही. शिवाय कर्ज स्वस्त झाले तरी धान भरडून विकण्याचा नफा व्यापाऱ्याकडेच जात असे. १९४५ मध्ये बलौदा बाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी काढण्यात लाख्यांनी पुढाकार घेतला, तो या दुसऱ्या उणिवेवरचा उपाय होता. त्याच सुमारास ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी विणकरांची सहकारी संस्था संघटित केली. कर्जापासून उत्पादनापर्यंत सहकाराची ही वाटचाल झाली. मजुराचा प्रश्न मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला.

१९४८ साली लाखे निवर्तले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. शहर पूर्वीच्या अनेक पटींनी वाढले. लाखेनगर हे नाव तेथे आजही नित्याच्या वापरात आहे. लाख्यांच्या हयातीत ज्या प्रश्नावर रायपूरच्या पुढारीपणाची कसोटी लागली, तो मात्र राजधानीलाही चुकलेला नाही : शहरात जमणाऱ्या संपत्तीपैकी किती ज्या खेड्यांतून ती आली त्यांच्याकडे परत जाते?